पहिल्यांदाच टीम लीड होताना: प्रकल्प हाती घेण्यापासून सोपवण्यापर्यंत

पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये बढतीची एक ठरलेली रीत आहे. पाच-सहा वर्षे उत्तम कोड लिहिणाऱ्या माणसाला एखाद्या शुक्रवारी मेल येतो, सोमवारपासून तो टीम लीड म्हणून ओळखला जातो, आणि कालपर्यंतच्या कामाहून हे काम वेगळे आहे हे त्याला मधल्या दोन दिवसांत कोणीही सांगत नाही. सोमवारी तो पूर्वीसारखाच कोड लिहायला बसतो, फक्त मीटिंग वाढतात. हा लेख अशा सोमवारी वाचण्यासाठी आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझे एकच म्हणणे आहे: कामाची खरी स्थिती, विशेषतः वाईट बातमी, वेळेत कळावी यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे प्रकल्पाचे व्यवस्थापन. तक्ते, साधने आणि मीटिंग ही त्या व्यवस्थेची हत्यारे आहेत, आणि खरे बोलण्याची माणसांना भीती वाटत असेल तर त्यांतले एकही हत्यार चालत नाही.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. समजा, एका सहकारी पतसंस्थेसाठी मोबाइल अॅप तयार करायचे आहे. सभासदाला खात्यावरची शिल्लक दिसावी, कर्जाचा हप्ता कधी आहे ते कळावे आणि कर्जाचा अर्ज घरबसल्या करता यावा, एवढी अपेक्षा आहे. तुमच्यासह टीममध्ये सात माणसे आहेत, काम जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत आहे, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अॅपचे उद्घाटन करण्याचे अध्यक्षांनी सभासदांना आधीच सांगून टाकले आहे. सहकारी संस्थांना ही सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, त्यामुळे ही तारीख तुमच्या सोयीने हलणार नाही.

पायरी १: काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही, हे एका पानावर लिहा

कामाला हात लावण्यापूर्वी एक पान लिहा आणि ते संस्थेच्या सचिवांकडून मान्य करून घ्या. त्या पानावर अॅपमध्ये काय असेल, काय नसेल, ‘काम पूर्ण झाले’ असे कोण म्हणणार आणि कशावरून म्हणणार, या गोष्टी साध्या मराठीत असाव्यात. यांतली ‘काय नसेल’ ही यादी सर्वांत मोलाची आहे, आणि नवा लीड नेमकी तीच लिहायला संकोचतो. पैसे पाठवण्याची सोय या टप्प्यात नाही, पासबुक छपाई नाही, पिग्मी एजंटांसाठी वेगळे अॅप नाही, असे स्पष्ट लिहिलेले असले की ऑगस्टमध्ये कोणी “हे तर गृहीतच होते” म्हणाले तर वाद घालत बसावे लागत नाही, पान पुढे करता येते.

हे पान लिहिण्यासाठी तुम्हाला संस्थेत जावे लागेल, आणि तिथे फक्त अध्यक्ष व सचिव यांना भेटून परत येऊ नका. काउंटरवर बसणारा क्लार्क, वसुली पाहणारा अधिकारी आणि संस्थेचे जुने सॉफ्टवेअर सांभाळणारा विक्रेता यांच्यापाशी अर्धा-अर्धा तास बसा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांची मराठी नावे युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये साठवलेली असतात आणि ती जशीच्या तशी अॅपमध्ये आणली तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते, ही गोष्ट अध्यक्षांना ठाऊक नसते. ती विक्रेत्याच्या ऑपरेटरला ठाऊक असते, आणि कोणी विचारले नाही तर तो आपण होऊन सांगत नाही.

पायरी २: अंदाज काम करणाऱ्याला बांधू द्या

पान मान्य झाले की कामाचे तुकडे पाडा. एक तुकडा दोन-तीन दिवसांहून मोठा नसावा, कारण मोठ्या तुकड्याच्या पोटात न समजलेले काम लपून राहते. ‘कर्ज अर्ज’ हा तुकडा नव्हे. ‘जामीनदाराची माहिती भरण्याचा पडदा’, ‘कागदपत्रांचे फोटो चढवणे’ आणि ‘अर्ज नाकारल्यास सभासदाला जाणारा संदेश’ हे तुकडे झाले.

प्रत्येक तुकड्याला किती दिवस लागतील हे ते काम करणाऱ्या माणसाने सांगायचे असते. तो सहा दिवस म्हणाला आणि तुम्ही “चारमध्ये बसव ना” म्हणालात, तर तो मान डोलावेल, पण त्या क्षणापासून तो आकडा अंदाज राहत नाही, तो तुमचा हट्ट होतो. पुढच्या वेळी तो माणूस आठ सांगेल, कारण तुम्ही घासाघीस करून सहावर येणार हे त्याला कळलेले असेल. भाजीबाजारात हे चालते, वेळापत्रकात चालत नाही.

अंदाज चुकतात, आणि बहुतेक एकाच दिशेने चुकतात. आपल्या कामाला प्रत्यक्षापेक्षा कमी वेळ लागेल असे माणसाला सवयीने वाटते. डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला नियोजनाचा भ्रम असे नाव दिले. त्यावर एक जुना आणि सोपा उपाय आहे. ज्या कामात अनिश्चितता आहे त्याचे तीन आकडे विचारा: सगळे सुरळीत झाले तर किती दिवस, साधारणपणे किती आणि सगळे बिघडले तर किती. मधल्या आकड्याला चारने गुणा, त्यात उरलेले दोन मिळवा आणि बेरजेला सहाने भागा. फाँट रूपांतराच्या कामाला चार, सहा आणि वीस असे आकडे आले तर ४, २४ आणि २० यांची बेरीज ४८ होते आणि अंदाज आठ दिवसांचा निघतो. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५८ च्या सुमारास घडली. तिचा खरा फायदा मात्र गणितात नाही. ‘वीस’ हा आकडा ऐकल्यावर “वीस का?” असा प्रश्न येतो, आणि त्याच्या उत्तरात “नावांतली जोडाक्षरे फुटली तर ती हाताने तपासावी लागतील” अशी माहिती बाहेर पडते, जी ‘सहा दिवस’ या उत्तरातून कधीच पडली नसती.

कामाचे दिवस मोजले तसे माणसांचे दिवसही मोजा. दोन आठवड्यांत कामाचे दहा दिवस, सात माणसे, म्हणजे ७० दिवस हातात आहेत असे एक्सेल शीट सांगते. पण ते दोन आठवडे गणपतीचे असतील तर एका सार्वजनिक सुट्टीमुळे सात जणांचा एकेक असे सात दिवस वजा होऊन ६३ उरतात. टीममधले दोघे कोकणात गावी जातात आणि आणखी चार-चार दिवस येत नाहीत, म्हणजे ५५. तुम्ही स्वतः लीड आहात, तुमचा निम्माच वेळ कोडसाठी धरायला हवा, म्हणजे साधारण ५०. मीटिंग, इतरांचे काम तपासणे आणि जुन्या प्रकल्पाचे सपोर्ट यांत चौथा हिस्सा जातो, म्हणून प्रत्यक्षात ३८ च्या आसपास दिवस मिळतात. हा आकडा वरिष्ठांना आणि क्लायंटला जूनमध्येच दाखवा. गणपती कधी आहेत हे दिनदर्शिकेत जूनमध्येही दिसते, तरी दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस ते अचानक आल्यासारखी धावपळ होते.

पायरी ३: कोणते काम कोणासाठी अडून राहील ते शोधा

कोकण रेल्वेचे उदाहरण मला इथे नेहमी उपयोगी पडते. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते, आणि रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत बांधायचे उद्दिष्ट होते. त्या मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा रत्नागिरी जिल्ह्यातला करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा. कोणीही नकाशा पाहून म्हणेल की धोका तिथे आहे. प्रत्यक्षात मार्ग अडवून धरला तो गोव्यातल्या पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याने, कारण तो मऊ, पाणी धरलेल्या मातीतून जात होता आणि खणलेला भाग पुन्हा पुन्हा कोसळत होता. सलग मार्गाचे काम पुरे व्हायला जानेवारी १९९८ उजाडले. उरलेले शेकडो किलोमीटर तयार असूनही मुंबईची गाडी त्या दीड किलोमीटरशिवाय मंगळूरला जाऊ शकत नव्हती.

तुमच्या प्रकल्पातही एक पेडणे असते आणि ते बहुधा कोडमध्ये नसते. पतसंस्थेच्या अॅपमध्ये सभासदाला लॉगिनसाठी ओटीपी पाठवायचा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार अशा संदेशांसाठी संस्थेची डीएलटी या, संदेश पाठवणाऱ्या संस्थांची नोंद ठेवणाऱ्या, व्यवस्थेवर नोंदणी लागते, संदेश पाठवणाऱ्याचे नाव मंजूर व्हावे लागते आणि संदेशाचा मसुदाही मंजूर व्हावा लागतो. समजा, नोंदणीची कागदपत्रे जमवायला दहा दिवस, नोंदणीला सात आणि नाव व मसुदा मंजूर व्हायला आठ दिवस लागतात, म्हणजे २५ दिवस. त्याच वेळी लॉगिनचा पडदा आठ दिवसांत आणि त्यामागचे सर्व्हरचे काम दहा दिवसांत, असे १८ दिवसांत उरकते. दोन्ही पूर्ण झाल्यावरच पाच दिवसांची एकत्र चाचणी होऊ शकते. म्हणजे लॉगिन ३० दिवसांच्या आत होणार नाही, कोड कितीही वेगाने लिहिला तरी. कोड लिहिणाऱ्याला सात दिवसांची सवड आहे, कागदपत्रे जमवणाऱ्याला एका दिवसाचीही नाही.

या हिशेबाला क्रिटिकल पाथ म्हणतात. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या कारखान्यांच्या कामासाठी १९५७ च्या सुमारास त्याची पद्धत बसवली गेली. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पांढऱ्या फळ्यावर कामांच्या चिठ्ठ्या लावा, जे काम ज्यासाठी थांबते तिकडे बाण काढा आणि सर्वांत लांब साखळी लाल पेनने रंगवा. त्या साखळीतल्या प्रत्येक कामाला एक नाव द्या. ‘टीम’ किंवा ‘क्लायंट’ असे लिहू नका, माणसाचे नाव लिहा. आणि बाण काढताना एक प्रश्न हमखास विचारा: यासाठी कोणाची सही लागते? नोंदणीच्या कागदांसाठी संस्थेने संचालक मंडळाचा ठराव हवा असे ठरवले असेल आणि मंडळाची सभा महिन्यातून एकदाच होत असेल, तर जूनची सभा हुकली की तुमचे वेळापत्रक एका महिन्याने सरकते. असेच प्ले स्टोअरचे. संस्थेच्या नावाने खाते उघडायचे तर डी-यू-एन-एस हा संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक लागतो, आणि तो काढण्याची आठवण प्रकाशनाच्या आठवड्यात होणे हा एक प्रचलित अपघात आहे.

पायरी ४: माणसांना एकेकटे भेटा, आणि आपले आवडते काम सोडा

पहिल्या दोन आठवड्यांत टीममधल्या प्रत्येकाशी अर्धा तास स्वतंत्र बोला, आणि त्यानंतर दर पंधरवड्याला ही भेट ठेवा. या भेटीत कामाचा आढावा घेऊ नका, त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. कोणते काम करायला आवडते, कशात अडते, मागच्या प्रकल्पात काय खटकले, घरची कोणती वेळ सांभाळावी लागते, हे विचारा आणि मग गप्प बसा. पहिल्या भेटीत बहुतेक जण “सगळे ठीक आहे” म्हणतात. तिसऱ्या भेटीत, तुम्ही पहिल्या दोन भेटींत ऐकलेले खरोखर लक्षात ठेवले असेल तर, ते बोलू लागतात.

आपल्याकडे एक नाजूक प्रसंग हमखास येतो, तो म्हणजे टीममधला एखादा सहकारी वयाने आणि अनुभवाने तुमच्यापेक्षा मोठा असतो. काल तुम्ही त्यांना ‘अहो’ म्हणत होता आणि ते तुम्हाला ‘अरे’ म्हणत होते. लीड झाल्यावर हे बदलू नका. त्यांचा अनुभव जिथे लागतो ते निर्णय त्यांना विचारून घ्या, इतरांसमोर त्यांची चूक काढू नका, पण कामाची तारीख मात्र इतरांना विचारता तशीच त्यांनाही विचारा. त्यांना तारखेतून वगळणे हा आदर नव्हे; आठवडाभरात टीमच्या लक्षात येते की येथे दोन नियम आहेत.

कालपर्यंत जे तुमच्या बरोबरीने चहाला येत त्यांच्याशी वागणे त्याहून अवघड असते. मैत्री तोडण्याचे कारण नाही, पण टपरीवर बसून टीममधल्या तिसऱ्या माणसाविषयी बोलणे मात्र त्या सोमवारपासून बंद करावे लागते.

दुसरी गोष्ट स्वतःच्या हाताची. अवघड कोड तुम्हाला सर्वांत चांगला लिहिता येतो म्हणूनच बढती मिळाली, त्यामुळे अडलेले काम ओढून घेण्याचा मोह रोज होतो. लाल साखळीवरचे एकही काम स्वतःकडे ठेवू नका. तुम्ही दुपारी तीनला सचिवांच्या फोनवर अडकाल आणि तुमच्या हातातल्या कामासाठी तिघे थांबलेले असतील. दुसऱ्याला तेच काम करायला दुप्पट वेळ लागेल हे खरे आहे. पहिल्या वेळी लागेल.

पायरी ५: रोजची पंधरा मिनिटे, आणि ‘होत आलंय’ या शब्दाचा अर्थ

बहुतेक टीममध्ये आता सकाळी स्टँड-अप, म्हणजे उभ्याउभ्या घेतलेली छोटी मीटिंग, असते. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामध्ये सतरा जणांनी एकत्र बसून अॅजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडे थोडे देत आणि बदल स्वीकारत पुढे जाण्याच्या, पद्धतीचा जाहीरनामा लिहिला, त्यानंतर या पद्धतीतल्या अनेक प्रथा सगळीकडे पसरल्या आणि सकाळची पंधरा मिनिटे ही त्यांतली सर्वांत परिचित. दुर्दैवाने ती बहुतेक ठिकाणी हजेरीसारखी चालते. एकेक जण काल काय केले ते लीडकडे पाहून सांगतो, इतर आपापला फोन पाहतात, आणि शेवटी कोणालाही नवीन काही कळलेले नसते.

या पंधरा मिनिटांत काय ऐकायचे हे लीडला कळले पाहिजे. आपल्या भाषेत नकार सरळ दिला जात नाही, तसे ‘अडलो आहे’ हेही सरळ सांगितले जात नाही. ‘होत आलंय’ याचा अर्थ बहुधा असा असतो की सोपा भाग झाला आहे आणि अवघड भाग अजून उघडलेला नाही. ‘बघतो’ म्हणजे आज नाही. ‘होऊन जाईल’ हे कर्ता नसलेले वाक्य आहे, ते कोण करणार हे ठरलेले नाही. ‘त्यांच्याकडून यायचंय’ म्हणजे एक मेल पाठवला होता, परत विचारलेले नाही. आणि ‘नव्वद टक्के झालंय’ हा आकडा नसून विनंती आहे, की आज आणखी विचारू नका.

यावर उपाय म्हणजे टक्केवारी पूर्णपणे सोडून देणे. तुकडा एक तर झालेला असतो किंवा झालेला नसतो, आणि ‘झालेला’ म्हणजे काय हे आधी लिहिलेले असते: कोड दुसऱ्याने तपासला, चाचणीच्या सर्व्हरवर चढवला, टेस्टरने पाहिला. प्रश्नही बदला. “किती झालं?” असे विचारले की टक्केवारीच मिळते. “आता मला दाखवता येईल का?” असे विचारले की खरी स्थिती दिसते. “कशासाठी थांबला आहात?” हा दुसरा प्रश्न.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. लीड म्हणून माझ्या पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याकडे अहवालांचे काम होते आणि स्टेटसच्या शीटमध्ये त्यापुढे सलग तीन आठवडे नव्वद टक्के लिहिलेले होते. सोमवारी काम द्यायचे, आणि गुरुवारी संध्याकाळी उघड झाले की चाचणीच्या डेटाबेसचा प्रवेश त्याला कधी मिळालाच नव्हता, त्यामुळे एकही अहवाल खऱ्या माहितीवर चालवून पाहिलेला नव्हता. मी चिडून विचारले की आधी का नाही सांगितलेस. त्याने शांतपणे दोन मेल दाखवले. दोन्ही मला आलेले होते, आणि दोन्हींना माझे उत्तर एकाच शब्दाचे होते: बघतो. त्या शनिवार-रविवारी आम्ही दोघेही ऑफिसात होतो आणि सोमवारी क्लायंटला अर्धेच अहवाल मिळाले. तो ‘बघतो’ मला त्याच्या नव्वद टक्क्यांपेक्षा मोठा खोटेपणा वाटतो, कारण अडचण दूर करणे हे माझे काम होते.

तेव्हापासून मी एक साधी वही ठेवतो. माझ्यामुळे कोण कशासाठी थांबले आहे हे त्यात तारखेसह असते, आणि स्टँड-अपची सुरुवात मी त्या वहीपासून करतो. लीडने आपली थकलेली कामे आधी वाचून दाखवली की इतरांना आपली सांगायला जड जात नाही. पहिल्यांदा कोणी आपण होऊन “माझा अंदाज चुकला, तीन दिवस जास्त लागतील” असे सांगेल, त्या क्षणी तुमच्या चेहऱ्याकडे सगळी टीम पाहत असते. तिथे “बरे झाले आज सांगितलेस, काय हलवावे लागेल?” एवढेच म्हणा. त्या वेळी कपाळाला आठी पडली, तर पुढचे चार महिने तुम्हाला नव्वद टक्केच ऐकावे लागतील.

टीम एकाच जागी बसत नसेल, काही जण घरून काम करत असतील, तर ठरलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. सात माणसांत दोघादोघांच्या २१ जोड्या होतात, दहा माणसांत ४५. प्रत्येक जोडीला प्रत्येक गोष्ट तोंडी कळेल ही आशा धरू नका. निर्णय, तारीख आणि कारण अशी तीन रकान्यांची एक सामायिक नोंद पुरते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी ‘शुभ सकाळ’च्या खाली गेलेली असते.

पायरी ६: मागण्या बदलतील आणि उशीरही होईल

जुलैच्या अखेरीस एक संचालक शेजारच्या संस्थेचे अॅप पाहून येतील आणि “आपल्यात सोने तारणाचा कॅल्क्युलेटर पाहिजे” असे सुचवतील. मागणी वाईट नसते. फोनवर ‘हो’ म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका. “दोन दिवसांत याचा हिशेब देतो” असे सांगा, आणि खरोखर दोन दिवसांत एक छोटी चिठ्ठी पाठवा, की याला सहा दिवस लागतील, ते घ्यायचे असतील तर कागदपत्रांचे फोटो चढवण्याची सोय सभेनंतर येईल, कोणते हवे ते सचिवांनी कळवावे. निवड त्यांची असते. मात्र दोन्ही मिळणार नाहीत हे त्यांना कळवणे तुमच्याकडे असते.

उशिराचे तसेच. लाल साखळीतले काम तीन दिवस मागे पडले की त्याच दिवशी आपल्या मॅनेजरला सांगा, आणि सोबत किमान दोन मार्ग न्या. एक मार्ग वगळण्याचा: सभेच्या दिवशी शिल्लक आणि हप्ता दिसेल, कर्जाचा अर्ज महिनाभराने. दुसरा टप्प्याटप्प्याने देण्याचा: आधी एका शाखेचे सभासद, मग उरलेले. वरिष्ठांकडून तिसरा मार्ग हमखास येतो, “आणखी दोन जण देतो.” आयबीएममध्ये मोठ्या संगणक प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे की मागे पडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी मागे पडतो, कारण नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. तेव्हा नवी माणसे नाकारू नका, पण त्यांना मुख्य कामात न घालता चाचणीची माहिती तयार करणे किंवा जुन्या प्रकल्पाचे सपोर्ट अशा वेगळ्या कामावर लावा, म्हणजे तुमचे सात जण मोकळे होतील.

रात्री थांबून आणि रविवारी येऊन उशीर भरून काढता येतो, पण एखाद्या आठवड्यापुरताच. दुसऱ्या आठवड्यापासून थकलेल्या हातांनी लिहिलेले बग दुरुस्त करण्यात तो वाचवलेला वेळ परत जातो.

पायरी ७: कामाबाहेरच्या दोन गोष्टी

एखाद्याचे काम सतत कमी पडत असेल तर अप्रेझलपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात, दार बंद करून, घडलेले दोन नेमके प्रसंग सांगा, त्याचा परिणाम सांगा आणि कारण विचारा. “तुझं लक्ष नसतं” हे वाक्य निरुपयोगी आहे. “सोमवारी आणि गुरुवारी चाचणी न करता कोड चढवलास, त्यामुळे टेस्टरचा दीड दिवस गेला” या वाक्यावर बोलता येते. कौतुक मात्र सर्वांसमोर आणि तितकेच नेमके करावे.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. एखाद्या सहकारी महिलेने लैंगिक छळाची तक्रार तुमच्या कानावर घातली, तर ती आपापसांत मिटवण्याचा प्रयत्न करू नका, चौकशी करू नका आणि टीममध्ये त्याची वाच्यता करू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि लेखी तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. समितीच्या सदस्यांची नावे तुम्हाला लीड झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ठाऊक असली पाहिजेत.

पायरी ८: सोपवणे

सभेच्या दोन आठवडे आधी नवे काम थांबवा आणि फक्त चुका दुरुस्त करा. काउंटरवरच्या त्याच क्लार्कला, ज्यांच्यापाशी तुम्ही जूनमध्ये बसला होता, अॅप हातात द्या आणि काही न सांगता वापरू द्या. त्यांचा अंगठा जिथे अडतो तिथे सभासदांचाही अडणार. सभेच्या सभागृहात आदल्या दिवशी जाऊन मोबाइलचे नेटवर्क मिळते का ते स्वतः पाहा, कारण पत्र्याच्या मंगल कार्यालयात तीनशे माणसे जमल्यावर ओटीपी वेळेत येईल याची खात्री नसते. उद्घाटनासाठी आधीच लॉगिन केलेला एक फोन तयार ठेवा.

सोपवताना प्ले स्टोअरचे खाते, सर्व्हर आणि डीएलटी नोंदणी या तिन्ही गोष्टी संस्थेच्या नावावर आहेत ना, पासवर्ड सचिवांकडे लेखी पोचले आहेत ना आणि अॅप बंद पडल्यास कोणाला फोन करायचा हे काउंटरवर चिकटवले आहे ना, ते तपासा. मग आठवडाभराने, डोकी थंड झाल्यावर, टीमसोबत तासभर बसा. जे रविवारी आले होते त्यांच्या बदली रजा त्याच बैठकीत तारखेसह ठरवा, “घेऊ नंतर” यावर सोडू नका. आणि जूनमध्ये बांधलेल्या अंदाजांची यादी काढून प्रत्येक ओळीपुढे प्रत्यक्ष लागलेले दिवस लिहा: फाँट रूपांतर, अंदाज आठ, प्रत्यक्ष अकरा, लॉगिनचा पडदा, अंदाज आठ, प्रत्यक्ष सात, कागदपत्रे जमवणे, अंदाज दहा, प्रत्यक्ष तेवीस. हा कागद टीमच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या पतसंस्थेच्या पहिल्या बैठकीला जाताना तो सोबत घ्यायचा आहे.